तुझ्या नावाची पत्रं

अंबरपेठ, हैदराबाद
२ नोव्हेंबर २०२४

दादा,

तुझी मेल मिळाली. 'सहा ते तेरा जानेवारी हैदराबादला येतोय, आईला सांग.' अकरा वर्षांनी माणूस घरी येणार आणि ओळ एक. असो. आईला सांगितलं. चहा झाल्यावर उजव्या कानाशी बसून सांगितलं, कारण डावा आता गेल्यातच जमा आहे. ती म्हणाली, "हौ, मालूम आहे मला. मागच्या पत्रात लिहिलं होतं ना त्यानं, जमलं तर येईन म्हणून."

तू म्हणशील, कुठलं पत्र? तेच सांगायला बसलेय. फोन मुद्दाम करत नाही. फोनवर तू अभिनय करतोस आणि मी चिडते, आणि सांगायचं ते राहून जातं.

तू आईला शेवटचं पत्र लिहिलंस २०१३च्या दिवाळीत. त्यानंतर आपलं भांडण झालं. सहा महिने आईला तिकडे ने, मला जरा श्वास घेऊ दे, असं मी म्हणाले आणि तू म्हणालास, शूटिंग चालू आहे. मी तुला खोटारडा म्हणाले. त्यानंतर तू मला वर्षातून दोन ओळी लिहीत राहिलास आणि आईला लिहिणं बंद केलंस. पण आईला सवय होती. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात तुझं पत्र, मी कानाशी वाचायचं, एकदा तिच्यासाठी आणि परत एकदा बाबांच्या फोटोसाठी. पाच महिने ती रोज विचारायची, पोस्टमन येऊन गेला का. एप्रिल २०१४मध्ये मी तुझ्या जुन्या पाकिटातले पातळ कागद काढले, तुझ्यासारखं 'आई, इकडे सगळं ठीक' असं लिहिलं आणि वाचून दाखवलं. तिनं कागद बोटांनी चोळून बघितला आणि उशीखाली ठेवला. मला वाटलं, एकदाच. आजवर एकशे सत्तावीस पत्रं झाली.

पहिल्याच पत्रात चूक झाली. शेवटी 'सौ.चा साष्टांग नमस्कार' लिहून गेले. आपल्या घरात येणारं प्रत्येक पत्र तसंच संपायचं, हाताला तेच वळण. हेलन तुला सोडून गेल्याला तेव्हा दोन वर्षं झाली होती. मला माहीत होतं, आईला नव्हतं. वाचतानाही थांबता आलं नाही. आई म्हणाली, "सून चांगली आहे गं. आठवणीनं नमस्कार लिहिते." झालं. तेव्हापासून हेलनला मी नांदवतेय.

तर जानेवारीत तू इथं कोण असशील ते लिहून घे. तू लंडनला क्रॉयडनमध्ये राहतोस, घरामागं पेअरचं झाड आहे. हॉस्पिटलच्या मालिकेतला तुझा डॉक्टर तीन वर्षांनी लिफ्टमध्ये मेला, ते आईला माहीत आहे, ते तूच कळवलं होतंस. पण पुढचं माझं. त्या राजाच्या नाटकात तू मुख्य नटाचा बदली होतास ना? चौदा महिने रोज विंगेत तयार उभा राहिलास आणि त्या मेल्याला एकदाही ताप आला नाही. माझ्या पत्रात त्याला ताप आला, दादा. सलग सहा प्रयोग तू राजा झालास. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. ते पत्र आईनं अकरा वेळा वाचून घेतलं. त्यानंतर टीव्हीवर तू न्यायाधीश झालास, अजून आहेस. दुकानदार आणि टॅक्सीवाले मी तुला पुन्हा करू दिले नाहीत.

आता जड गोष्ट. २०१५मध्ये आई न्हाणीघरात पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं. तुला कळवलं होतं. तू 'काळजी घ्या' लिहिलंस. आई जेवेना. म्हणायची, "गौतमच्या मागं कुणी नाही. मी कशाला उठू?" मी घरी येऊन पत्र लिहिलं की हेलनला दिवस गेले आहेत, उशिरा का होईना. तिसऱ्या दिवशी तिनं उपमा मागितला. ऑक्टोबरमध्ये मुलगी झाली. आई तारामती, म्हणून नाव तारा. आता नऊ वर्षांची आहे.

फोटो दाखवायची पाळी आली नाही, कारण आईच्या डोळ्यांना आता फक्त उजेड-अंधार कळतो. फोनवरचं तिला ऐकू येत नाही. म्हणून निभावलं. पण तू समोर येऊन बसशील आणि ती विचारेल. तेव्हा हे सगळं तुझं पाठ हवं. तू मला काय म्हणशील ते म्हण. आठ दिवस आईसमोर हा माणूस होऊन दाखव आणि मग जाऊन दर महिन्याला स्वतः लिही. मला आता होत नाही.

चारू

२७ नोव्हेंबर २०२४

दादा,

तुझा फोन तासभर चालला. आधी तर 'मुलगीसुद्धा?' एवढंच दोनदा म्हणालास. ओरडला असतास तर बरं झालं असतं.

तू तुझं खरं काम सांगितलंस त्याबद्दल. सात वर्षं लपवलंस, त्यात लाजण्यासारखं काय होतं ते मला कळलं नाही. मेडिकलच्या पोरांना वाईट बातमी कशी सांगायची ते शिकायला खोटा रोगी लागतो, तो तू. दिवसातून बारा पोरं येऊन तुला सांगतात की तुमच्याकडे तीन महिने उरलेत, आणि तू बारा वेळा ते पहिल्यांदाच ऐकतोस. कुणासमोर रडतोस, कुणावर ओरडतोस, कुणाला बायकोला काय सांगू असं विचारतोस. मग मार्क देतोस. मला हे न्यायाधीशापेक्षा आवडलं. पण आईला सांगायचं नाही. तिचा मुलगा रोज बारा वेळा मरतो हे ऐकून ती अन्न सोडेल.

नाटक, न्यायाधीश, पेअरचं झाड, हेलन, सगळं करीन म्हणालास. मुलगी नको म्हणालास. 'चारू, बाप मला करता येणार नाही.' का येणार नाही? टीव्हीवर दोन-तीनदा बाप झाला आहेस, एकदा तर तुझ्या मुलाला पोलिसांनी नेलं होतं. हा भाग गाळता येणार नाही. आईचं सगळं तिच्यापाशी येऊन थांबलंय. नाटक-बिटक ती सौजन्य म्हणून ऐकते. पत्र सुरू झालं की तिचा पहिला प्रश्न, "पोरीचं काय लिहिलंय ते आधी वाच."

मला माहीत आहे मी काय केलंय. माझं लग्न झालं नाही, शाळेत चौतीस वर्षं दुसऱ्यांची पोरं शिकवली. मग एक आपल्या घरात आणून ठेवली, कागदावर. त्यात कुणाचं काही गेलं नाही असं मला वाटत होतं. तुझं काही गेलं असेल तर सांग. फोनवर नको, लिहून सांग.

चारू

१८ डिसेंबर २०२४

दादा,

तू लिहून काही सांगितलं नाहीस, पण एकोणीस प्रश्न पाठवलेस. म्हणजे करणार आहेस. मी मेल उघडून बसल्या जागी हसले. पोरगी डावखुरी आहे का? झोपताना काय मागते? रागावली की बोलते की गप्प होते? मी खोलीत येण्याआधी तिला शेवटचं कुठं पाहिलं? हे काय विचारणं झालं, असं वाटलं. मग उत्तरं लिहायला घेतली तर सगळी तयारच होती. हो, डावखुरी आहे. झोपताना पाणी मागते आणि पीत नाही. रागावली की गप्प होते, तुझ्यासारखी. शेवटचं शाळेच्या फाटकापाशी पाहिलंस, तिनं मागं वळून बघितलं नाही. मराठी तिला थोडं येतं, 'आजी' आणि 'नको' आणि 'अजून एक'. बाकीची उत्तरं सोबतच्या कागदावर आहेत.

खरं सांगते, मला मजा येत होती. सुरुवातीची तीनचार वर्षं तर महिना कधी संपतो असं व्हायचं. भाजी आणताना, बसच्या रांगेत, मी हिचा विचार करायची. आता नाही होत. आता एक तारीख जवळ आली की कागद काढायचं मी उद्यावर टाकते. साठ वर्षांची झाले, सकाळी आईला उठवायचं, धुवायचं, भरवायचं, आणि मग बसून कुणाच्या तरी पोरीचा दात पडला म्हणून लिहायचं. कंटाळा आलाय, दादा. तू ये आणि हे माझ्या हातातून घे.

येताना आईसाठी काही आणू नकोस. तिला वास येतो तेवढं साबणाचं काहीतरी आण.

चारू

१६ जानेवारी २०२५

दादा,

तू निघून तीन दिवस झाले. तीनदा तुझा फोन आला, मी उचलला नाही. आधी हे वाच.

पहिले सहा दिवस मी तुझ्या पाया पडायला तयार होते. राजा झालेल्या रात्रीची गोष्ट तू आईला सांगितलीस तेव्हा वरचे भाडेकरू अप्पाराव जिन्यातून उतरून दारात येऊन उभे राहिले. त्यांना मराठी ओ की ठो कळत नाही. तू पडदा उघडण्याआधीचा तो अंधार सांगितलास, तलवारीचा पट्टा सैल होता ते सांगितलंस, मग टाळ्या. अप्पारावांनी पण वाजवल्या. "क्या बात है सार," म्हणाले. त्यातला शब्द न् शब्द माझा होता आणि तरी मला पुढं काय होतं ते ऐकावंसं वाटलं. गॅसवर डाळ लागली. तू इतका चांगला नट आहेस हे मला माहीत नव्हतं. कुणाला माहीत होतं?

मग रविवार. आईनं लोकरीचा कोट बाहेर काढायला लावला. दर जानेवारीत ती मला नामपल्लीच्या नुमाइश प्रदर्शनात पिटाळते, काश्मिरी दुकानातून तारासाठी कोट आणायला, दर वर्षी एक माप मोठा. मी लंडनला पार्सल केला म्हणून सांगते. आधीचे नऊ माळ्यावर आहेत. या वर्षी तिला पार्सल करायचा नव्हता, तुझ्या हातात द्यायचा होता. म्हणाली, "माप बरोबर आहे का बघू. कुठवर आली पोर? हात धरून दाखव."

आणि तिनं स्वतःचा हात पुढं केला, तुझा हात चाचपायला.

मी स्वयंपाकघराच्या दारात होते. तू हात वर केलास. मग खाली घेतलास. परत थोडा वर. मी माझ्या बरगडीपाशी हात धरून तुला दाखवत होते, इथं, इथं. तू माझ्याकडे बघितलंसुद्धा. कुठंही धरला असतास तरी चाललं असतं, तिनं मानलं असतं. एकोणीस प्रश्नांत हा एक विचारायचा राहिला होता. आईचा हात हवेत तसाच, आणि तू हात मागं घेतलास.

मग तू खुर्ची तिच्या उजव्या बाजूला ओढलीस. बसलास. तिला पाणी दिलंस. थोडं थांबलास. 'आई, मला तुला एक सांगायचंय आणि ते कठीण आहे' असं म्हणालास. मग छोट्या वाक्यांत, सावकाश, मुलगी नाही, कधीच नव्हती. प्रत्येक वाक्यानंतर थांबत होतास. मला तेव्हाच कळलं की हे तू रोज ऐकतोस. अगदी पूर्ण मार्कांचं सांगितलंस. आई "बरं" म्हणाली. पत्रं कुणी लिहिली तेही तू सांगितलंस, तेवढं मात्र माझ्यावर सोडायला हवं होतंस.

दुसऱ्या दिवशी तू निघताना तिनं तुझ्या हातावर दही घातलं, तोंडावरून हात फिरवला. तू फाटकाशी मला म्हणालास, "चारू, हलकं वाटतंय." दादा, हा शब्द मी तुला माफ करणार नाही. सांगणारा उठून जातो. ऐकणारा तिथंच बसलेला असतो. हे जगात कुणाला कळायला हवं तर तुला.

चारू

२९ जानेवारी २०२५

दादा,

फोन घेतला नाही याबद्दल तू मेल केलीस. रागानं नाही, पण इथलं सगळं लिहूनच सांगता येईल.

संक्रांतीच्या सकाळी, म्हणजे तू गेल्याच्या दुसऱ्याच दिवशी, आईनं माधवीला सांगितलं, "डोक्यावरून पाणी घाल." माधवी सकाळी तिला आंघोळ घालायला येते ती. ती म्हणाली, "अम्मा, कल ही तो सर पे से नहाए. सर्दी हो जाती." आई म्हणाली, "घाल म्हटलं ना." मी तांदूळ निवडत होते. माझे हात थांबले. लांबून कुणाच्या जाण्याची बातमी आली की आपल्याकडे तशी आंघोळ करतात. बाबांचे बंधू नांदेडला गेल्याची तार आली तेव्हा तिनं तशीच केली होती.

दुपारी अप्पाराव तीळ आणि गूळ घेऊन आले. आईनं वाटी हातानं बाजूला केली. "आम्हाला सण नाही यंदा," म्हणाली. अप्पारावांनी माझ्याकडे बघितलं, मी हिंदीत सांगितलं. "कौन गुजर गए अम्मा?" आई म्हणाली, "नात. पोती." ते बिचारे चप्पल न घालताच वर गेले.

तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. जेवण दोन घास. पाणी माधवीच्या हातून. मी कानाशी बसून माफी मागितली, एकदा नाही, चारदा. ती उजवा कान उशीत खुपसून पडते, म्हणजे मी बोललेलं ऐकूच येऊ नये. डॉक्टर येऊन गेले, नाडी ठीक आहे म्हणाले, वय आहे म्हणाले.

रविवारी माळ्यावरून कोट काढले. तिला हवे असतील असं वाटलं. तिनं एकेक हातात घेतला, बाही मोजली, आणि परत दिला. मी ते घडी घालता घालता रडले. तू म्हणशील, रडायला काय झालं, तूच केलीस आणि तुला माहीत होतं. हो, मला माहीत होतं. तरी रडू आलं, आणि शेजारी कुणी विचारलं असतं तर कुणासाठी ते सांगता आलं नसतं. आमच्या दोघींपैकी कुणीच तिला पाहिलं नव्हतं आणि घरात दोघींनाच तिचं दुःख आहे. तुला आहे का? तू तर सांगतोस हलकं वाटलं.

चारू

१९ फेब्रुवारी २०२५

दादा,

आई बोलली.

परवा दुपारी चहा झाला. मी कप उचलत होते, तर म्हणाली, "तिकडे शाळा कधी सुटतात गं?"

मी म्हणाले, "कुणाच्या शाळा?"

"ताराच्या."

मला वाटलं, डोकं गेलं हिचं. उजव्या कानाशी जाऊन म्हणाले, "आई, दादानं तुला सांगितलंय ना सगळं?"

"सांगितलं. मी कुठं नाही म्हणते?" म्हणाली. "त्याला परेशानी झाली, तो सांगून मोकळा झाला. मला इथंच बसायचंय. एक महिना बसून बघितलं मी. नक्को वाटतं." मग म्हणाली, "नऊ वर्षं लिहिलंस. आता पण लिही. मला मालूम आहे म्हणून काय झालं?"

डोकं अजिबात गेलेलं नाही, दादा. जेवण मागून घेतलं तिनं काल. कांद्याची चटणी हवी म्हणाली.

काल दिवसभर मी कागद घेऊन बसले. आजही. 'आई, इकडे सगळं ठीक' इथपर्यंत येते आणि पुढं काही नाही. पूर्वी पेन टेकवलं की तारा पळत यायची. आता येत नाही. मी तिला हाक मारली आणि मला तुझा हवेतला हात दिसला. तू आईला सांगितलंस तेव्हा आईची नात गेली असं आपण धरून चाललो. ती माझी गेली. आईनं तर महिनाभर शोक केला आणि तिला परत बोलावलं, एवढी हिंमत माझ्यात नाही.

म्हणून हे तुला लिहितेय. भांडायला नाही, भांडायचं बळ संपलं. तू लिही. बाप तू आहेस. तू म्हणालास, बाप मला करता येणार नाही, आणि मी तेव्हा तुला हसले. आता हसत नाही. पण ज्याला नुसता हात कुठं धरावा म्हणून इतका त्रास झाला, त्याच्यापाशी ती पोर थोडीतरी असणार. माझ्यापाशी नाही. शाळा कधी सुटतात, उन्हाळ्यात कुठं नेणार, तिला आता काय आवडतं, तूच बघ. मी दिलेली एकोणीस उत्तरं विसरून जा. तुला ती वेगळी दिसली तर वेगळी लिही, आई चूक काढणार नाही. तुला नाटकात काम नाही, टीव्हीवर नाही, दिवसभर मरून संध्याकाळी घरी येतोस. संध्याकाळी एक पान लिही. हे काम तुझ्या आजवरच्या सगळ्या कामांपेक्षा मोठं आहे असं मी म्हणणार नाही, तू चिडशील. पण याला बदली नट नाही.

आणि पत्र माझ्या नावानं पाठवू नकोस. आईच्या नावानं पाठव. आधी मेलवर मला सांगूही नकोस काय लिहिलंयस. पोस्टमन येईल, मी पाकीट आईच्या हातात देईन, तिनं ते चाचपून झालं की तिच्यासमोरच फोडीन आणि कानाशी बसून वाचीन. अकरा वर्षं मी तिला पत्रं वाचून दाखवली आणि प्रत्येक वेळी पुढच्या ओळीत काय आहे ते मला ठाऊक होतं. एकदा तरी मला ते ठाऊक नसू दे.

चारू